रात्री दीड वाजता दार वाजवता येईल असं घर

मुक्ता_लिहिते

मुलगी सात आठवड्यांची होती. नवरा परगावी. ती संध्याकाळी सहापासून रडत होती. पाजून झालं, लंगोट बदलून झाला, खांद्यावर घेऊन खोलीभर येरझाऱ्या घालून झाल्या. दीड वाजला तरी तेच. कानशिलं लालबुंद, मुठी गच्च मिटलेल्या, मध्येच श्वास अडकल्यासारखी क्षणभर शांतता आणि पुन्हा सुरू. एका क्षणी लक्षात आलं की मी तिचे दंड फार घट्ट धरलेत. बोटं उचलली तिथे पांढरे ठसे उमटले आणि मग हळूहळू लाल झाले.

मी तिला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. माझी मलाच भीती वाटत होती.

वरच्या मजल्यावरच्या मावशी रडण्याच्या आवाजाने खाली आल्या. काय झालं, का झालं, काही विचारलं नाही. "किल्ली दे, आणि वर जाऊन माझ्या पलंगावर पड," एवढंच म्हणाल्या. मी चार तास झोपले.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. गेली काही वर्षं मी पालकांच्या एका मदतगटात स्वयंसेवक म्हणून बसते. माझ्यासारखी रात्र तिथे जवळजवळ प्रत्येकाकडे असते. बहुतेकांच्या जिन्यात कुणी आलेलं नसतं, एवढाच फरक. म्हणून हा धागा.

मुलांना होणारी मारहाण वैद्यकशास्त्राने नाव देऊन मांडली ती १९६२ मध्ये, हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून. तेव्हा रोख मुख्यतः आईबापांच्या मनातल्या बिघाडावर होता: मारणारा माणूस कसा असतो? पुढच्या दशकात काही संशोधकांनी प्रश्न फिरवला: मारणाऱ्या माणसाच्या आजूबाजूला काय असतं? जेम्स गार्बारिनो यांनी १९७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिल्ह्यांची आकडेवारी ताडून पाहिली. आयांवर आर्थिक ताण जास्त आणि आधार कमी, अशा ठिकाणी मुलांच्या छळाच्या नोंदी जास्त होत्या. १९८० मध्ये त्यांनी डेबोरा शर्मन यांच्यासोबत दोन वस्त्या शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हीकडे पैशांची ओढाताण साधारण सारखी, नोंदींत मात्र मोठी तफावत. फरक सापडला तो शेजारपाजारात. एका वस्तीत लोक एकमेकांकडे मूल ठेवत होते, अडीनडीला हाक मारत होते. दुसरीत जो तो आपल्या दाराआड होता.

गरिबीचा वाटा यातून कमी होत नाही. ताण तिथूनच येतो. पण तोच ताण एका घरात मुलाच्या पाठीवर उतरतो आणि दुसऱ्या घरात उतरत नाही, यामागे काय असतं, हे मला बोलायचं आहे. तुमच्या वेळी कोण होतं? आणि कुणीच नव्हतं, तर काय झालं?

रानवाट

मुक्ताताई, वाचताना अंगावर काटा आला. हे लिहिल्याबद्दल आभार.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून एकच मुद्दा नीट मांडते. तुमची मुलगी सात आठवड्यांची होती, हा योगायोग नाही. निरोगी बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, दुसऱ्या महिन्यात शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. ब्रेझेल्टन यांनी या रडण्याचा आलेख मांडला तोही १९६२ मध्येच. केम्प यांचा लेख आणि हा आलेख एकाच वर्षातले, हे मला नेहमी बोलकं वाटतं. या काळातलं रडणं बरेचदा संध्याकाळी आणि रात्री एकवटतं. काहीही केलं तरी थांबत नाही, आणि दर वेळी त्याला कारण सापडतंच असंही नाही. आई मात्र धरून चालते की चूक तिचीच.

बाळाला गदागदा हलवण्याच्या घटनाही याच महिन्यांत सर्वाधिक होतात. अंगाच्या मानाने डोकं जड, मान कोवळी. काही सेकंदांच्या हिसक्यांनी मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या तुटतात. दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हलवणाऱ्याच्या मनात इजा करायची नसते, फक्त आवाज थांबवायचा असतो.

तुम्ही केलंत तेच आम्ही प्रत्येक घरी सांगतो. बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवा, दार ओढा, पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, श्वास जागेवर आला की परत येऊन बघा. तेवढा वेळ रडल्याने बाळाला काही होत नाही. ताप असेल, उलट्या होत असतील, बाळ मलूल वाटत असेल किंवा रडणं नेहमीपेक्षा वेगळं वाटत असेल, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा.

हे बाळंतिणीला सांगून पुरत नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगावं लागतं. हलवणाऱ्यांत बाप आणि इतर सांभाळणारेही असतात.

पारिजात७

धागा वाचून बराच वेळ तसाच बसलो होतो. विरोधी सूर लावतोय, राग मानू नका.

"मला आधार नव्हता, मी दमलेली होते, जिन्यात कुणी आलं नाही." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या वडिलांनाही लोक हेच म्हणायचे. बिचारा दमून येतो. त्याच्या डोक्यावर किती ओझं आहे.

आमच्या घरात एकटेपणा औषधालाही नव्हता. आजी, काका, काकू, आत्या, सगळे एकाच छताखाली. वडील पट्टा काढायचे तेव्हा काकू माझ्या चुलतभावंडांना घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लावायची. कडी लागल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. आजी नंतर वळांना तेल लावायची आणि म्हणायची, "तुझ्या भल्यासाठीच करतो तो." वडिलांना आधार भरपूर होता. मला नव्हता.

तेव्हा माणसं आजूबाजूला असली की मुलं सुखरूप राहतात, हे माझ्या गळी उतरत नाही.

मुक्ता_लिहिते

पारिजात, राग कसला. माझ्या लिखाणातली खरीच उणीव तुम्ही दाखवलीत.

जिल कॉर्बिन या मानववंशशास्त्रज्ञ तुरुंगात जाऊन अशा स्त्रियांशी बोलल्या, ज्यांच्या हातून स्वतःचं मूल दगावलं होतं. अपेक्षा अशी असते की या बायका अगदी एकट्या असणार. पण त्यांच्या भोवती माणसं होती. मुलाच्या अंगावरच्या खुणा त्या माणसांनी पाहिल्या होत्या. आणि ती आईला धीर देत राहिली: तू चांगली आई आहेस, मुलं पडतातच, होतं असं. त्या धीरानेच मूल एकटं पडलं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आम्हीही गटात धीरच देतो ना.

म्हणून आता आम्ही समोरच्याचं ऐकून घेतो, मान हलवतो, आणि मग विचारतो, "मूल आत्ता कुठे आहे? त्याला लागलंय का?" हा प्रश्न विचारला की काही जण दुखावतात, उठून जातात. तरी विचारायचाच. तुमच्या आजीने तेल लावलं तेव्हा हा प्रश्न कुणीतरी वडिलांना विचारायला हवा होता.

तुमच्या वडिलांना मिळत होतं ते पाठराखण होतं. त्याला मी आधार म्हणणार नाही. तुमच्या घरात कुणी त्यांच्या हातातला पट्टा काढून घेतला असता, तर तो तुम्हा दोघांनाही आधार झाला असता.

आकडेमोड

दोन्ही बाजू पटल्या. संशोधनाबद्दल थोडं लिहितो, कारण इथे घाईने निष्कर्ष काढायचा मोह होतो.

आधार कमी आणि छळ जास्त, हा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. पण कशामुळे काय होतं? जो माणूस चटकन भडकतो, संशयी आहे, त्याच्यापासून मित्र आणि शेजारी आपोआप दूर जातात. म्हणजे एकटेपणा आणि मारहाण ही दोन्ही एकाच तिसऱ्या गोष्टीची फळं असू शकतात. घरातलं लपवायचं म्हणून लोक येणंजाणं तोडतात, तोही एक भाग आहे. एलिझाबेथ सीगल यांनी १९८७ मध्ये तोवरचा पुरावा तपासला तेव्हा तो समजला जातो तितका भक्कम नाही, असंच त्यांना दिसलं.

पोलान्स्की आणि सहकाऱ्यांचा १९८५ मधला अभ्यास मला सर्वांत अस्वस्थ करतो. मुलांची हेळसांड करणाऱ्या आयांना विचारलं, तुमची वस्ती कशी आहे? त्या म्हणाल्या, इथे कुणी कुणाचं नाही. त्याच वस्तीतल्या शेजारणींना विचारलं, तर त्यांना वस्ती बरी वाटत होती. तेच रस्ते, तेच जिने. आधार शेजारी उभा असूनही या आयांच्या हाताला लागत नव्हता. मागायचा कसा हे ठाऊक नव्हतं, मागितला तर नावं ठेवतील ही धास्ती होती, आणि परत करायला आपल्याकडे काही नाही असंही वाटत असणार. अशा ठिकाणी नुसता गट काढून उपयोग नाही. ती बाई गटात येणारच नाही.

एक सांगायचं राहिलं. आपण सगळे मारण्याबद्दल बोलतोय. अमेरिकेत बालकल्याण यंत्रणेला ज्या मुलांचा छळ झाल्याचं आढळतं, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या बाबतीत प्रकार हेळसांडीचा असतो: वेळेवर खायला न मिळणं, आजारात उपचार न होणं, तासन्‌तास एकटं राहणं. आबाळ आवाज करत नाही, त्यामुळे जिन्यात कुणी येत नाही.

एक_बाप

पहिल्यांदाच लिहितोय इथे.

दोन मुलं, वय चार आणि दीड. पत्नी गेली त्याला चौदा महिने झाले. पालकांचे गट म्हणतात तिथे एकदा गेलो होतो. सगळ्या आया. कुणी वाईट वागलं नाही, पण मी बसल्यावर बोलणं थांबलं. पुन्हा गेलो नाही.

नातेवाईक फोन करतात. फोन ठेवल्यावर मला जास्त थकवा येतो. "मुलाचं वजन का वाढत नाही", "तू दुसरं लग्न कर", "आमच्या वेळी आम्ही चार-चार सांभाळली". मागच्या आठवड्यात असाच फोन झाला आणि पाच मिनिटांनी मोठ्याने पाणी सांडलं. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला आणि मग फडकं आणून पाणी पुसायला लागला. चार वर्षांचा आहे तो.

माझ्याकडे लोक नाहीत असं नाही. फोनमध्ये दोनशे नंबर आहेत.

मुक्ता_लिहिते

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. फडकं आणणारा तो मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

फोननंतर पाच मिनिटांनी, असं तुम्ही लिहिलंत. रॉबर्ट वॉलर यांनी १९८० मध्ये नेमकं हेच टिपलं होतं. ज्यांच्या गाठीभेटी मुख्यतः नातेवाईक आणि सरकारी मदतनीस यांच्याशी होत, आणि त्याही बहुतेक कटकटीच्या, अशा आयांची त्यांनी रोजची नोंद ठेवली. ज्या दिवशी मैत्रिणींशी जास्त बोलणं झालं, त्या दिवशी मुलांशी खटके कमी उडाले. टोचून बोलणारा माणूस भेटला की त्याचा राग घरात मुलावर निघतो. बापांची गोष्ट काही वेगळी असेल असं मला वाटत नाही.

आमच्या गटातही बाप फार थोडे. तुम्ही आलात आणि बोलणं थांबलं, यात दोष गटाचा. कुणीतरी सरकून जागा करायला हवी होती.

एकच विचारते. त्या दोनशे नंबरांत असा एक आहे का, ज्याला "आत्ता ये" एवढंच म्हणता येईल? कारण न सांगता?

सरिता_ग

मी घरभेटींचं काम करते, परिचारिका आहे. आकडेमोड म्हणतात ती बाई गटात येत नाही हे खरं, म्हणूनच आम्ही तिच्या दारात जातो.

डेव्हिड ओल्ड्स यांचा एल्मायराचा प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या या लहान शहरात सुमारे ४०० गरोदर स्त्रिया निवडल्या. बऱ्याच जणी कमी वयाच्या, अविवाहित किंवा गरीब. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. एका गटाकडे परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत घरी जात राहिली. पंधरा वर्षांनी नोंदी तपासल्या तेव्हा त्या गटात छळ आणि हेळसांडीची सिद्ध झालेली प्रकरणं जवळपास निम्मी होती. गट चिठ्ठीने पाडलेले, त्यामुळे इथे "भांडखोर माणसापासून लोक आधीच दूर गेले" ही शंका लागू होत नाही.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. ज्या घरात बाईला जोडीदाराची मारहाण वारंवार होत होती, तिथे घरभेटींचा हा फायदा दिसला नाही. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. मी आत बाळाचं वजन करत असते आणि तिचं लक्ष बाहेरच्या पावलांकडे. अशा घरात आधी तिला सुरक्षित करावं लागतं. पालकत्वाचे धडे त्यानंतर. आणि सगळेच घरभेटीचे कार्यक्रम यशस्वी झालेत असंही नाही. काहींचे निकाल अगदीच तोकडे आले. कोण जातं, किती वर्षं जातं, तेच माणूस जातं की दर खेपेला नवा चेहरा, यावर बरंच अवलंबून असतं.

भेटीत आम्ही काय करतो, असं लोक विचारतात. पहिले तीन महिने मी बहुतेक वेळा कपड्यांच्या घड्या घालते. ती बोलते, मी घड्या घालते. डोळ्यांत डोळे घालून विचारलं की ती "सगळं ठीक आहे" म्हणते. हात कामात असले की खरं बोलते.

आणखी एक. बाळंतपणानंतरचं नैराश्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, आणि त्यात मुख्य नैराश्यच. तिथे शेजारीण पुरेशी नाही, उपचार लागतात. शेजारणीने एवढंच करावं, दवाखान्यात सोबत जावं.

पारिजात७

सरिताताई, घड्यांचं वाचून थांबलो.

मुक्ताताई, पाठराखण हा शब्द नेमका सापडला तुम्हाला. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या तक्रारीला नाव नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. मी मूल होऊ दिलं नाही. बायकोची इच्छा होती. मला खात्री होती की माझा हातही उठणार. मार खाल्लेला मारतोच, असं सगळीकडे वाचलं होतं.

रानवाट

पारिजात, हे वाक्य सगळीकडे छापलं जातं आणि त्याने फार नुकसान केलंय. कॉफमन आणि झिगलर यांनी १९८७ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र पाहिले. त्यांचा अंदाज असा की लहानपणी छळ झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के पुढे स्वतःच्या मुलांशी तसं वागतात. इतरांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. तरी बहुतेक जण तसं करत नाहीत.

१९८८ मध्ये एगेलँड, जेकबविट्झ आणि स्रूफ यांनी अशा आया शोधल्या ज्यांचा स्वतःचा छळ झाला होता, पण त्यांनी मुलांचा केला नाही. त्यांच्यात तीन गोष्टी जास्त आढळल्या. लहानपणी एखादं तरी मोठं माणूस मायेचं होतं. आयुष्यात कधीतरी दीर्घ मानसोपचार मिळाले होते. आणि आता सोबतीला स्थिर, समजूतदार जोडीदार होता. तिन्ही गोष्टी म्हणजे कुणीतरी दुसरं माणूसच.

तुमचा निर्णय चुकला असं मी म्हणत नाहीये. तो तुमचा होता. फक्त त्या भीतीइतकं ते अटळ नव्हतं, हे तुम्हाला कळायला हवं असं वाटलं.

पारिजात७

कळलं. आज जास्त लिहवत नाही.

मायेचं मोठं माणूस होतं एक. शाळेत ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई. मधल्या सुट्टीत मला पुस्तकांना कव्हरं घालायला बसवायच्या. बाह्या वर करायला कधी सांगितलं नाही. त्यांना दिसलं असणार.

नवखी_शेजारीण

मला सरळ प्रश्न आहे. आमच्या भिंतीपलीकडून रोज ओरडणं आणि रडणं ऐकू येतं. बाई एकटी, मुलगा सहा-सात वर्षांचा. मी काय करू? दार वाजवलं तर तिला अपमान वाटेल. तक्रार केली तर मूल काढून घेतील का? आणि काही केलंच नाही तर?

सरिता_ग

मुलाला इजा दिसते आहे, तो घाबरून लपतो आहे, उपाशी राहतो आहे, किंवा तुम्हाला मारहाणीचा आवाज येतो आहे, तर कळवा. मुलांच्या मदतवाहिनीला किंवा पोलिसांना. तुमच्याकडे पुरावा असायची गरज नाही. काय ऐकलं, काय पाहिलं, कधी, एवढं सांगायचं. शहानिशा करणं त्यांचं काम. पुढे काय निर्णय होईल याची हमी मी देऊ शकत नाही, पण त्या भीतीने गप्प राहू नका.

तसं काही नसेल, नुसता रोजचा त्रागा असेल, तर दार वाजवा. पण ओरडण्याच्या वेळी नको, शांत वेळी. "आवाज येतो" हे पहिलं वाक्य नको. "तुम्ही एवढं सगळं एकटीने कसं करता" हेही नको, त्यात परीक्षा असते. नेमकं काहीतरी देऊ करा: "मी चारला बाहेर खेळायला नेते माझ्या मुलांना, तुमच्यालाही नेऊ?" "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कुणी कधी सांगत नाही. आणि तिच्याकडूनही काही मागा. तासभर पार्सल ठेवून घ्यायला सांगा. नुसतं घेत राहणं माणसाला जड जातं.

आणि दोन्ही एकदम करता येतं. कळवणं आणि दार वाजवणं.

एक_बाप

मुक्ताताई, तुम्ही विचारलं होतं, "आत्ता ये" म्हणता येईल असा एक नंबर आहे का.

दोनशे नंबर खालपर्यंत बघितले. एक सापडला. कामावर माझ्याशेजारी बसायचा, दोन वर्षं बोलणं नव्हतं. काल रात्री धाकटा झोपेना, मोठा त्याच्यावर खेकसायला लागला. अगदी माझ्याच आवाजात, माझेच शब्द. मी फोन केला आणि म्हटलं, ये. तो वीस मिनिटांत आला.

काय बोलायचं ते दोघांनाही कळेना. त्याने धाकट्याला खांद्यावर घेतलं, मोठ्याला म्हणाला, "तुझ्या गाड्या दाखव." मी गच्चीवर जाऊन अर्धा तास नुसता उभा राहिलो. खाली आलो तेव्हा दोघं जमिनीवर पोटावर पडून गाड्यांची रांग लावत होते आणि धाकटा त्याच्या पाठीवर झोपला होता.

जाताना त्याने विचारलं, गुरुवारी येऊ का.

मोठ्याने माझ्याआधी "हो" म्हटलं.